'तिला कळले' असे लिहिण्यापूर्वी

2002 सालच्या ऑगस्टमध्ये माझा पहिला विज्ञानलेख एका दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी मी लिहिला, आणि त्यातल्या एका वाक्याचे देणे फेडायला मला चौदा वर्षे लागली. वाक्य साधेच होते: "बेटीला तारेचा स्वभाव कळला होता." बेटी ही एक कावळी. दक्षिण प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियामधून पकडून तिला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणले होते. तिच्यापुढे एक उभी पारदर्शक नळी, नळीच्या तळाशी कडी असलेली इवलीशी बादली आणि बादलीत खाऊ, अशी मांडणी होती. शेजारी दोन तारा, एकीच्या टोकाला आकडा आणि दुसरी सरळ. त्यांतली कामाची तार कावळे निवडतात का, एवढेच संशोधकांना पाहायचे होते. तिच्या सोबतच्या एबल नावाच्या नराने आकड्याची तार पळवली. बेटीने उरलेली सरळ तार चोचीत धरली, तिचे टोक नळीच्या बुडाशी गुंडाळलेल्या चिकटपट्टीत खुपसले, दुसरे टोक ओढून तार वाकवली आणि तयार झालेल्या आकड्याने बादली वर काढली. मग संशोधकांनी मुद्दाम नुसती सरळ तार ठेवून पाहिले, तेव्हा बादली वर आली अशा दहा खेपांपैकी नऊ खेपांना ती बेटीने तार वाकवूनच काढली होती. 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले, जगभर त्याची बातमी झाली, आणि मी माझ्या भाड्याच्या खोलीत बसून, एकही कावळा न पाहता, त्या कावळीच्या मनात शिरून बाहेरही आले.

आज त्या वाक्याकडे पाहिले की मला त्यातला 'ला' टोचतो. मराठीत भूतकाळात कोणी काही केले की बहुधा 'ने' येतो: तिने तार वाकवली, तिने बादली ओढली. मनात काही घडले की 'ला' येतो: तिला कळले, तिला आठवले, तिला वाटले, तिला राग आला, तिला कंटाळा आला. 'ने'ची क्रियापदे दुर्बिणीतून दिसतात, कॅमेऱ्यात सापडतात, त्यांची वेळ घड्याळ लावून मोजता येते. 'ला'ची क्रियापदे आजवर कोणाला दिसलेली नाहीत. समोरच्या माणसाला काही कळले हेसुद्धा आपण त्याच्या 'ने'वरूनच ताडतो, फक्त तो आपल्यासारखाच असल्यामुळे त्याबद्दल आपल्याकडे कोणी पुरावा मागत नाही. हा नियम काटेकोर नाही, हे मला ठाऊक आहे. 'ओळखणे' हे क्रियापद 'ने' लावून साळसूदपणे मनाची गोष्ट सांगते, आणि 'घाबरणे' तर कोणताच प्रत्यय न घेता सांगते. व्याकरणाच्या जाणकारांनी मला क्षमा करावी. पण प्राण्यांच्या मनाविषयी लिहिण्यात गेलेल्या वीस-बावीस वर्षांचा जमाखर्च मांडायचा, तर तो एवढाच निघतो: 'ने'वरून 'ला'वर कधी जायचे, आणि किती पुरावा हाताशी असताना जायचे.

या वाटेला मी ठरवून आले नाही. पुण्यात प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केल्यावर एका प्रकल्पावर काही महिने मदतनीस म्हणून राहिले, तिथे नोंदी भरण्यापेक्षा नोंदी वाचून दाखवण्यात मला जास्त रस आहे हे सगळ्यांच्या लक्षात आले, आणि प्रकल्प संपला तेव्हा कोणी थांबवले नाही. वर सांगितलेला लेख छापून आला त्याचे मानधन साडेतीनशे रुपये होते आणि धनादेश दिवाळीनंतर आला. लेखाला मी दिलेला मथळा बदलून डेस्कने 'कावळाही इंजिनिअर!' असा केला होता. तेव्हापासून आजवर पोटापाण्याची सोय पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरांनी आणि औषधांच्या माहितीपत्रकांनी केली आहे. मधुमेहाच्या गोळ्यांविषयी मी जितके शब्द लिहिले असतील, तितके कावळ्यांविषयी लिहिलेले नाहीत. मी काय करते असे कोणी विचारले की आई सांगे, "पेपरात लिहिते, प्राण्यांवर." मग लोक मला कुत्र्याच्या जंतांवरचे औषध विचारत. अलीकडे औषधाऐवजी हत्तीण आभार मानायला आली, माकडीण रडली, अशा चित्रफिती पाठवून "हे खरे का?" असे विचारतात, एवढाच फरक पडला आहे.

माझ्या या कामाचे खरे शिक्षण दोन जुन्या गोष्टींनी केले. पहिली गोष्ट घोड्याची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरजा, वजाबाक्या, अपूर्णांक करी आणि उत्तर टाप आपटून देई. 1904 मध्ये त्याची तपासणी करायला जाणकारांची समिती बसली आणि तिला कोणतीही लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या तरुण मानसशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट केली: विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, अशी व्यवस्था केली. हान्सची टाप थांबेचना. बरोबर आकड्याला टाप पोचली की विचारणाऱ्याची मान त्याच्या नकळत किंचित हले, आणि घोडा ती हालचाल पाहून थांबे. मालकही खोटारडा नव्हता आणि घोडाही मूर्ख नव्हता. माणसांच्या अंगात चालणारी ती हालचाल शेकडो माणसांपैकी कोणाला दिसली नव्हती आणि त्या घोड्याला दिसत होती.

ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा व्याख्यानात सांगते, तेव्हा श्रोत्यांमधले कोणीतरी "म्हणजे नंदीबैलच की!" असे म्हणते, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे गुबुगुबु वाजवत दारात येणारा नंदीबैल पाऊस पडेल का, मुलगा पास होईल का, याला मान हलवून उत्तर देई, आणि उत्तर बैलाचे नसून बैलवाल्याचे आहे हे अंगणातल्या पोरांनाही माहीत असे. म्हणून तर हो ला हो करणाऱ्या माणसाला आपण नंदीबैल म्हणतो. बर्लिनच्या समितीला जे उकलले नाही, ते आपल्या वाक्प्रचारात आधीपासून होते असे म्हणण्याचा मोह मला होतो, पण तो मी आवरते. फुंग्स्टचे काम वाक्प्रचाराने झाले नसते. मालक जाणूनबुजून खूण करत असेल तर ती शोधणे सोपे. विचारणाऱ्याला स्वतःलाच जी खूण माहीत नाही ती शोधणे अवघड, आणि ते त्याने केले.

दुसरी गोष्ट कुत्र्याची. ब्रिस्टलला राहणाऱ्या कॉनवी लॉइड मॉर्गन यांचा टोनी नावाचा फॉक्स टेरियर कुत्रा फाटकाच्या कडीखाली डोके घालून ती उचली, फाटक उघडे आणि तो रस्त्यावर जाई. पाहुण्याने हे पाहिले असते तर त्याने खात्रीने म्हटले असते की कडी कशी चालते हे त्याला समजले आहे. पण मॉर्गन यांनी त्याआधीचे दिवसही पाहिले होते. टोनी फाटकाच्या गजांमधून डोके काढून बाहेर पाही, कधी या फटीतून, कधी त्या. एकदा योगायोगाने डोके कडीखाली आले, कडी उचलली गेली, फाटक उघडले. मग हळूहळू, अनेक चुका करत, तो थेट त्याच जागी डोके घालू लागला. 1894 मध्ये मॉर्गन यांनी आपला प्रसिद्ध दंडक मांडला: एखादे वागणे साध्या मानसिक क्षमतेने समजावता येत असेल, तर त्यासाठी वरच्या क्षमतेचा आधार घेऊ नये. दंडक सगळे उद्धृत करतात. मला मात्र त्या फाटकाशी घालवलेले दिवस महत्त्वाचे वाटतात. शेवटचा प्रवेश पाहून आलेला प्रेक्षक 'ला' लावतो. पहिल्या अंकापासून बसलेला माणूस सबुरीने घेतो. वर्तमानपत्राच्या लेखकाची पंचाईत अशी की त्याला नेहमी शेवटचा प्रवेशच पाहायला मिळतो.

पहिल्या अंकापासून बसण्याचा प्रयत्न मीही एकदा केला. एम. एस्सी.ला असताना, 1999 साली, 'करंट सायन्स'मध्ये एक शोधनिबंध आला. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयातले मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले होते की वेड्या राघूला 'थिअरी ऑफ माइंड' असते का, म्हणजे समोरच्याला काय दिसते आहे, काय माहीत आहे, याचा अंदाज तो घेतो का. वेडा राघू तुम्ही पाहिलेला आहे. तारेवर बसणारा हिरवा, सडपातळ, डोळ्यांतून काळी रेघ गेलेला, शेपटीतली मधली दोन पिसे काडीसारखी लांब असलेला तो पक्षी. झेप घेऊन हवेतल्या हवेत माशी पकडतो, पुन्हा त्याच तारेवर येतो आणि तिला आपटून आपटून मगच गिळतो. पुन:पुन्हा तिथेच येतो म्हणून वेडा, असे आई सांगत असे. याचे घरटे मातीच्या उभ्या दरडीत खणलेल्या बिळात असते. पिल्लांसाठी किडा घेऊन आलेला पक्षी जवळ माणूस दिसला की बिळात शिरायचे टाळतो, तिथेच कुठे तरी चोचीत किडा धरून बसून राहतो. संशोधकांनी माणसाला घरट्यापासून सारख्याच अंतरावर दोन जागी बसवून पाहिले. एका जागेवरून बिळाचे तोंड दिसे, दुसऱ्या जागेवरून ते आडोशामुळे दिसत नसे. पक्ष्याला माणूस दोन्हीकडे दिसत होता. तरीही बीळ ज्याला दिसत नाही, त्या माणसासमोर पक्षी अधिक सहज आत शिरत. 2002 मध्ये याच धाग्यावरचे पुढचे काम 'अ‍ॅनिमल कॉग्निशन'मध्ये आले.

हे वाचल्यावर मी एप्रिलमधल्या दोन रविवारी घरामागच्या कोरड्या ओढ्याच्या दरडीसमोर वही घेऊन बसले. नर आणि मादी सारखेच दिसतात आणि दोघेही पिल्लांना भरवतात, त्यामुळे आत्ता आत गेलेला पक्षी मघाचाच की दुसरा, हे मला एकदाही सांगता आले नाही. एकदा बिळाचे तोंड मला दिसत नव्हते म्हणून तो आत शिरला, की त्याच क्षणी पलीकडून गेलेल्या म्हशींमुळे माझा विसर पडून शिरला, हेही ठरवता आले नाही. दुसऱ्या रविवारी घड्याळच घरी राहिले. त्या दोन दुपारींतून काही सिद्ध झाले नाही, पण एका तक्त्यामागे किती उन्हे असतात ते समजले, आणि त्यानंतर 'शास्त्रज्ञांनी पाहिले की' हे शब्द मी कधी हलक्या हाताने लिहिले नाहीत. राहिला प्रश्न 'ला'चा. राघूला माणसाच्या नजरेचा अंदाज येतो, असे म्हणावे का? की माणूस आणि बीळ यांच्या मध्ये काही आडवे असेल तर धोका कमी, एवढा एक ठोकताळा त्याच्या अंगवळणी पडलेला असतो? दोन्हींतून वागणे तेच निघते. कित्येक दशके हा वाद चिंपांझींपासून कावळ्यांपर्यंत चालला आहे, आणि त्यात आपल्या तारेवरचा वेडा राघूही आहे, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

माझ्या मामांच्या दहाव्याला वाईच्या घाटावर घडलेला प्रसंग मी एरवी सांगत नाही, पण तो इथलाच आहे. पिंड ठेवून अर्धा तास झाला तरी कावळा शिवेना. समोरच्या झाडावर तिघे बसले होते, मान तिरकी करून खाली पाहत होते. मामी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू कावळ्यांवर लिहितेस ना गं? मग सांग की, ते कशासाठी अडलेत?" माझ्यापाशी पुष्कळ माहिती होती. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये, तिथल्या विद्यापीठाच्या आवारात, पक्ष्यांचे अभ्यासक जॉन मार्झलफ यांनी 2006 मध्ये एक विचित्र मुखवटा घालून काही कावळे पकडले, खुणेच्या कड्या घालून सोडून दिले, आणि पुढे कितीतरी वर्षे तो मुखवटा घालून कोणीही आवारात फिरले की कावळे कलकलाट करून अंगावर येत, हे मी लिहिले होते. पण मामींचा प्रश्न चेहऱ्यांच्या स्मरणाचा नव्हता. त्यांच्या लेखी झाडावरच्या कावळ्याला मामांची राहिलेली इच्छा माहीत होती. 'ला'चा एवढा मोठा वापर माझ्या कोणत्याही लेखात झालेला नाही. मी गप्प राहिले. थोरला मामेभाऊ पुढे झाला आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, "आईला मी अंतर देणार नाही." गुरुजी म्हणाले, "आता सगळे जरा मागे सरा." आम्ही दहा पावले मागे गेलो आणि कावळा उतरला. मामींचा बांध फुटला. मी मनात पावले मोजत होते. शब्द आणि पावले एकाच वेळी पडली होती, आणि असा प्रयोग कोणतेही नियतकालिक छापणार नाही. गुरुजींना मात्र रोजच्या सवयीने दोन्ही लागते हे ठाऊक असावे.

2007 च्या सप्टेंबरमध्ये, गणपती अगदी तोंडावर आलेले असताना, अ‍ॅलेक्स गेल्याची बातमी आली. अ‍ॅलेक्स हा आफ्रिकेतला करडा पोपट. हार्वर्डमधून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 मध्ये शिकागोच्या दुकानातून तो विकत घेतला आणि तीस वर्षे त्याच्याबरोबर काम केले. तो शंभरावर वस्तू, रंग, आकार यांची नावे वापरी. तबकात ठेवलेल्या रंगीबेरंगी वस्तूंपैकी हिरव्या ठोकळ्या किती, असे विचारले तर सहापर्यंत मोजून उत्तर देई. हान्सचे भूत मानगुटीवर बसू नये म्हणून चाचणीच्या वेळी मुख्य शिक्षिका पोपटाकडे पाठ करून बसत, त्याला काय दाखवले आहे हे त्यांना माहीत नसे, आणि तो काय बोलला ते त्या तशाच बसून मोठ्याने सांगत. मला यातले हे पाठ करून बसणे लिहायचे होते. पुरवणीला हवे होते शेवटचे शब्द. 6 सप्टेंबरच्या रात्री तो गेला, त्याच संध्याकाळी त्याने पेपरबर्ग यांना म्हटले होते की नीट राहा, माझे तुझ्यावर प्रेम आहे, उद्या येशील ना. हे खरे आहे. पण हे तो रात्रीच्या निरोपाला बोले. आपल्याकडे पोरे निजताना 'शुभं करोति' म्हणतात तितकेच ते रोजचे होते. मी तसे एका वाक्यात लिहिले. पान लागताना जागा कमी पडली आणि नेमके तेच वाक्य उडाले. पोपटपंची या शब्दाचा आपल्या भाषेतला अर्थ ज्याने आयुष्यभर खोटा पाडला, त्याला निरोप देताना मात्र आम्ही त्याची खरोखरीची पोपटपंचीच मथळ्यात छापली. सात-आठ वाचकांची डोळ्यांत पाणी आल्याची पत्रे आली. माझ्या कोणत्याही लेखाला याहून जास्त पत्रे आलेली नाहीत.

शब्दांचा इतका घोळ आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांनाच पडतो असे मला वाटत असे, तो समज एका शीर्षकाने घालवला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीचा अभ्यास केला. आपल्या खिडकीच्या वर कागदासारखे पोळे करणारीच ही. यांची राणी गरीब स्वभावाची असते. कोणावर धावून जात नाही, पोळ्यावर तिचा दरारा दिसत नाही. पण तिला काढून घेतले की काही मिनिटांत एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, आणि राणी परत आली नाही तर काही दिवसांनी तीच अंडी घालू लागते. राणी असताना पोळ्याकडे कितीही पाहिले तरी पुढची कोण, ते माणसाला सांगता येत नाही. मग अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी पोळ्याचे दोन भाग करून मध्ये जाळी लावली, राणीला या बाजूचे त्या बाजूला केले, आणि पुढे आलेल्या माशीलाही फिरवून पाहिले. खऱ्या वारसाला दोन्ही बाजूंच्या माश्या निमूटपणे स्वीकारत होत्या. म्हणजे वारस आधीच ठरलेला होता, आणि तो फक्त आपल्याला ठाऊक नव्हता. 2008 मध्ये यावर आलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ होतो: 'गांधीलमाश्यांना "कळते" हे आम्हाला कळते'. पहिले कळणे अवतरणात, दुसरे मोकळे. दोन अवतरणचिन्हांत एवढा विवेक बसू शकतो हे पाहून मी त्या दिवशी उरलेले सगळे काम बाजूला ठेवले होते.

इथवर वाचून कोणाला वाटेल की माझा कल नेहमी हात आखडण्याकडे आहे. तसे नाही. चिंपांझींचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांनी, जे 14 मार्च 2024 रोजी गेले, आयुष्यभर उलट्या बाजूची चूक दाखवली. चिंपांझीला गुदगुल्या केल्या तर तो जे करतो त्याला हसणे न म्हणता 'आवाजासह धाप टाकणे' म्हणायचे, भांडणानंतर दोघांनी घेतलेल्या चुंबनाला 'तोंडाचा तोंडाला स्पर्श' म्हणायचे, यात कोणती तटस्थता आहे, असा त्यांचा सवाल होता. माणसाचे गुण प्राण्यांवर लादणे ही चूक असेल, तर दिसत असलेले साम्य नाकारणे हीदेखील चूकच आहे, आणि माणसाच्या इतक्या जवळच्या नातलगाच्या बाबतीत साम्य नाकारणाऱ्यानेच पुरावा द्यायला हवा, असे त्यांचे म्हणणे. वटवाघळे आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडतात हे सिद्ध करणाऱ्या डोनाल्ड ग्रिफिन यांनी 1976 मध्ये प्राण्यांना जाणीव असते का हा प्रश्न पुस्तकरूपाने विचारला, तेव्हा त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना ते रुचले नव्हते. जेन गुडाल यांच्या सुरुवातीच्या एका शोधनिबंधात तर चिंपांझींसाठी वापरलेली तो, ती ही सर्वनामे खोडून इंग्रजीतले निर्जीव वस्तूचे सर्वनाम घालण्यात आले होते, आणि त्यांनी ते पुन्हा बदलून घेतले. मराठीत हा झगडाच उद्भवत नाही. आपल्याकडे मुंगी ती, मुंगळा तो, पाखरू ते. आणि खुर्चीदेखील ती असल्याने कोणाचा मान वाढतही नाही आणि कमीही होत नाही. आपली भांडणे सगळी क्रियापदात आहेत.

आता त्या चौदा वर्षांविषयी. 2016 मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले क्रिस्टियन रुट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी न्यू कॅलेडोनियातल्या रानटी कावळ्यांना काही काळ पिंजऱ्यात ठेवून, त्यांच्या ओळखीच्या झाडाच्या लवचीक काड्या दिल्या. अनेक कावळ्यांनी त्या वाकवल्या, कोणी न शिकवता, जवळजवळ बेटीने वाकवली तशाच. बेटी रानातून आलेली होती. म्हणजे तार तिच्यासाठी नवी असली तरी वाकवणे नवे असेलच असे नाही. ते तिच्या जातीच्या हाताचे, म्हणजे चोचीचे, नेहमीचे काम असू शकते. त्यामुळे बेटीला काहीच कळत नव्हते असे सिद्ध होत नाही, आणि संशोधकांनीही तसे म्हटलेले नाही. पण एका क्षणी तिच्या डोक्यात प्रकाश पडला, हे जे मी छातीठोकपणे लिहिले होते, त्याखालची जमीन सरकली. मी त्याच पुरवणीला दुरुस्तीचा लेख पाठवला. तोवर तिथे तिसरे संपादक आले होते. ते सौजन्याने म्हणाले, "ताई, चौदा वर्षांपूर्वीच्या कावळ्याची दुरुस्ती कोण वाचणार? नवीन काही असेल तर द्या." मी म्हटले, हेच नवीन आहे. शेवटी चौकटीत दीडशे शब्द मिळाले, तेही शब्दकोड्याच्या खाली. त्याखाली एका वाचकाने पेनाने लिहून कात्रण मला पोस्टाने पाठवले: 'म्हणजे आधी तुम्ही चुकला होतात तर.' ते कात्रण टेबलाच्या काचेखाली आहे. तेव्हापासून मी कच्चा मसुदा कागदावर करते आणि त्यातली मनाची क्रियापदे पेन्सिलने लिहिते.

सध्या टेबलावर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या लार्स चिट्का यांच्या प्रयोगशाळेतले 2022 चे काम आहे. बंबलबी, म्हणजे त्या गुबगुबीत केसाळ मधमाश्या, खाऊकडे जाण्याचा रस्ता मोकळा असताना वाट वाकडी करून लाकडी गोळ्यांपाशी जातात आणि त्यांना कवेत घेऊन गडगडवतात. त्याबद्दल त्यांना काही मिळत नाही. अभ्यासातल्या पंचेचाळीस मधमाश्यांपैकी कोणी एकदाच गोळा फिरवला, तर एकीने एकशे सतरा वेळा. लहान वयाच्या अधिक फिरवतात, आणि नर अधिक वेळ. संशोधकांनी याला खेळ म्हटले आहे आणि त्यासाठीच्या कसोट्या एकेक करून तपासल्या आहेत. या मधमाश्या हिमालयात आहेत, आपल्याकडे नाहीत, म्हणून मराठीत नाव नाही. डेस्क त्यांना भुंगे करणार आणि मथळा 'भुंग्यांचा फुटबॉल' असा येणार, हे मी आत्ताच लिहून देते. माझी अडचण निराळी आहे. 'मजा येते' म्हटले तर 'ला' लागतो आणि मी सावध होते. 'खेळतात' म्हटले तर काहीच लागत नाही, वाक्य निरागसपणे उभे राहते, आणि मजा मात्र त्याच्या आत तशीच राहते. 'गोळे फिरवतात' एवढेच म्हटले तर ते द वाल यांच्या धाप टाकण्यासारखे होते. पान गुरुवारी लागते. 'खेळतात' अजून पेन्सिलीत आहे.